प्रोबसचं विसरलेलं अक्षर

"कडेनं धर. तोंडाला बोट लावू नकोस," असं म्हणत नेव्हेंकाने समोरच्या बाईच्या हातातून नाणं काढून घेतलं.

सिसाकच्या नदीकाठच्या कॅफेत दर रविवारी सकाळी नाण्यांचे शौकीन जमतात. कुणाला काही सापडलं, कुणाच्या गळ्यात खोटं नाणं मारलं गेलं, की सगळे नेव्हेंकाच्या टेबलाशी येतात. रोमनांची टांकसाळ याच गावात होती, आणि तिथल्या कारागिरांच्या चुका या चौऱ्याहत्तर वर्षांच्या म्हातारीला तोंडपाठ आहेत. कुणी सम्राटाचं नावच चुकवलं, कुणी अक्षर उलटं कोरलं. नातवाच्या खोड्या सांगाव्यात तशी ती सांगत बसते.

आज मात्र तिने नाणं उजेडाकडे धरलं. नाण्याच्या मागच्या बाजूला सूर्याचा रथ होता आणि शेवटच्या घोड्याच्या पायापासून कडेपर्यंत केसाएवढी उठलेली रेघ. साचा तडकला की त्याच्या नाण्यावर अशी रेघ उठते. हा तडा तिने डोळे मिटून ओळखला असता.

त्रेपन्न वर्षांपूर्वी, कूपा नदीचं पाणी उतरलं होतं तेव्हा, तिला आणि तिच्या मातोला चिखलात एकमेकांना चिकटलेली दोन नाणी सापडली होती. दोन्ही एकाच तडकलेल्या साच्याची. प्रोबस सम्राटाच्या नावातला 'ओ' कोरायला कारागीर विसरला होता आणि मग दोन अक्षरांच्या मधे, तिळाएवढा, त्याने तो कसाबसा बसवला होता. "बघ, गडी विसरला आणि मग आठवलं त्याला," मातो हसला होता. त्याच महिन्यात तो जर्मनीला कामाला गेला, वर्षभरासाठी म्हणून. एक नाणं त्याने नेलं, एक तिच्याकडे राहिलं. स्टेशनवर ती म्हणाली होती, "मला विसरलास तर ते परत पाठव. पत्रबित्र नको."

दोन वर्षं पत्रं आली, मग थांबली. त्याने तिकडे लग्न केल्याचं गावाने तिला अगदी घरी येऊन सांगितलं. पण नाणं आलं नाही. पोस्टमन दिसला की ती दारामागे उभी राहायची आणि तो पुढे गेला की जीव भांड्यात पडायचा. एवढ्याशा आधारावर तिने एकटीने जन्म काढला. वेडेपणाच तो, आणि हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि आज नाणं परत आलं होतं.

"कुणाचं हे?"

"बाबांचं," ती बाई जर्मन वळणाने अडखळत म्हणाली. व्हेस्ना तिचं नाव. "मार्चमध्ये गेले ते. कोटाच्या खिशात हे सापडलं. ते इथलेच, म्हणून म्हटलं इथंच दाखवावं. काही किंमत येईल का याची?"

 नेव्हेंकाने नाणं उलटलं. सम्राटाचा मुकुट, नाक, दाढी, सगळं ओळखू येत होतं. नावाच्या मधोमध मात्र एक गुळगुळीत खळगा होता. 'ओ' नव्हता.

शेजारच्या टेबलावरचा दलाल झ्देन्को तिच्या खांद्यावरून डोकावला. "तुमच्या नाण्याचं जुळं हे, पण कानशीनं घासलंय कुणीतरी. ज्या चुकीला पैसे मिळायचे, नेमकी तीच खाल्ली. वाया गेलं, मावशी."

नेव्हेंकाने पुन्हा त्या खळग्याकडे पाहिलं. विसरला तर विसरला, पण आठवणसुद्धा घासून काढली? तिने भिंग जवळ नेलं, निव्वळ सवयीने. कानशीचे ओरखडे दिसतात. इथे एकही नव्हता. जुन्या जिन्याच्या कठड्याला येते तशी झळाळी होती. तशी झळाळी फक्त माणसाच्या कातडीने येते, आणि तीही वर्षानुवर्षांनी.

"तुझ्या बाबांना नाण्यांचा नाद होता?"

"छे. त्यांना कसलाच नाद नव्हता. एक खोड होती, उजवा हात कायम खिशात. आई वैतागायची. लग्नाच्या फोटोतसुद्धा हात खिशातच आहे."

नेव्हेंकाने भिंग खाली ठेवलं. वाट पाहणारी आपण एकटीच, असं ती त्रेपन्न वर्षं धरून चालली होती.

तिने पर्समधून कायम जवळ असलेलं कागदी पाकीट काढलं आणि त्यातलं नाणं चिमट्याने व्हेस्नापुढे ठेवलं. त्यावरचा तिळाएवढा 'ओ' काल कोरल्यासारखा होता. "हे तू ने. चांगली किंमत येईल. ते मला राहू दे."

झ्देन्कोने कपाळावर हात मारून घेतला. "मावशी, डोकं ठिकाणावर आहे ना? तुमचं नाणं अव्वल आहे. इतकी वर्षं कुणाला बोटसुद्धा लावू दिलं नाहीत."

"मी तरी कुठं लावलं," ती म्हणाली, आणि जन्मात पहिल्यांदाच तिने मातोच्या नाण्याच्या तोंडावर अंगठा ठेवला.