खडूची रेघ

ऋतिकाने बन्सीलालच्या काउंटरवरचे तिन्ही टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराने नट कसायचे पाने, हातात घेऊन पाहिले आणि सगळ्यात महागडा आधी बाजूला सारला. बन्सीलालचा चेहरा पडला. पितांबरनानांना मात्र आतून गुदगुल्या झाल्या. आपल्या सुनेला गंडवणं सोपं नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण ते दुकानदाराला कळताना बघण्याची मजा वेगळी.

“हा ट्रकवाल्यांचा,” ती म्हणाली. “शंभराच्या खाली येतच नाही. आमच्या चाकाचे नट शंभरावरच कसायचे असतात. आपला आकडा पट्टीच्या मध्यावर पाहिजे भाऊ, काठावर नको.”

छोटा पन्नासातच संपत होता. उरला मधला. तिने त्याच्या मुठीवरचा आकडा वाचला आणि तोही परत ठेवला.

“हा दीडशेवर कोणी लावून ठेवलाय? आतली स्प्रिंग अशी दाबलेली राहिली की नंतर खोटं बोलते. असाच, पण पेटीबंद दाखवा.”

बन्सीलाल पेटी काढायला स्टुलावर चढला. “नाना, बरंच शिकवलंय तुम्ही.”

“मी नई,” नाना आपल्या अहिराणीत म्हणाले, आणि ते खरंच होतं. ती आपली आपण शिकली. पिंप्राळ्याच्या घराच्या अंगणात जुनी गाडी उभी करून, शेजारपाजारचे टकमक बघत असताना, तिने ऑइल बदललं, ब्रेकचे पॅड बदलले, रविवारच्या रविवार हात काळे करून घेतले. नानांकडे तिने एकच काम ठेवलं होतं, चाकं कसायचं. दीपनगरच्या वीज केंद्रात तीस वर्षं फिटर राहिलेल्या माणसाकडून ते काढून घ्यायची कोणाची छाती होती?

“टर्बाइनले असा पाना ठीक शे,” नाना म्हणाले. “गाडीना चाकले कसाले? मना हात शे ना.”

चाकांना पाना कशाला, आपला हात आहे ना, हे ते सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणत होते. दिवाळीपासून त्यांच्या उजव्या अंगठ्याला नीट कळेनासं झालं होतं. शर्टाची बटणं लावायला वेळ लागे. घरात त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. आयुष्यभर या हाताचंच नाव झालं होतं. तरी आज सकाळी नेहमीच्या ऐटीत त्यांनी चारही चाकं कसली आणि कसल्याची खूण म्हणून प्रत्येक नटापासून चाकापर्यंत खडूची रेघ ओढली. उद्या ऋतिका दोन्ही पोरांना घेऊन माहेरी फैजपूरला निघणार होती. याच चाकांवर.

“गाडी दारातच आहे,” बन्सीलाल पेटी फोडत म्हणाला. “लावून बघा, मग घ्या.”

नानांना एकदम पाणी प्यावंसं वाटलं. पण ऋतिका मूठ फिरवत, शंभराचा आकडा जुळवत बाहेर निघालीसुद्धा.

पहिला नट. टक. शंभराचा जोर भरल्याचं पाना बोलला, नट जागचा हलला नाही. दुसरा तसाच. तिसरा हलला. पाव फेरा गेला आणि मग टक झालं. खडूची रेघ तुटली, अर्धी नटावर राहिली, अर्धी चाकावर. ऋतिकाने मान वर केली नाही. एकेक करत तिने सोळाच्या सोळा नट तपासले. मागच्या चाकाचा आणखी एक हलला.

नाना बॉनेटला टेकून उभे होते. आता ही काहीतरी गोड बोलेल, रस्त्यात खड्डे आहेत, ढिले झाले असतील म्हणेल, आणि आपल्याला मान डोलवावी लागेल, याची त्यांना भीती वाटत होती.

तिने अंगठ्याने त्या दोन नटांच्या तुटक्या रेघा पुसून टाकल्या.

“नाना, हे दोन कमी होते.”

एवढंच. नव्या फिटरला नाना स्वतः असंच सांगत. ना ओरडा, ना गोंजारणं. नानांना तिचा इतका अभिमान वाटला की क्षणभर ते स्वतःची लाज विसरले.

“व्हतात,” ते म्हणाले. “मना आंगठाले आते समजत नई. दिवाळीपाईन.”

“फैजपूरहून आले की डॉक्टरांकडे जाऊ,” ती म्हणाली आणि पाना त्यांच्यापुढे धरला. “आता तुम्ही बघा. या दोन्हींवर खूण तुम्ही करा.”

“मी काब?”

“हे दोन मी कसले ना. दीपनगरला कसणाऱ्याने स्वतःच्या नटावर खूण करायची नाही, दुसऱ्याने बघून करायची. तुम्हीच सांगता.”

जेवताना ते हे कितीदा सांगत. पोरं ताटावरून उठून जायची. ही ऐकत होती तर. आणि ते स्वतः आठ वर्षं अंगणात आपणच कसत होते, आपणच रेघा ओढत होते. नानांचा हात तपासायचा कोणी?

त्यांनी डाव्या हाताचा आधार देऊन पाना फिरवला. टक. दुसऱ्या नटावर टक. खिशातून खडूचा तुकडा काढून त्यांनी दोन रेघा ओढल्या. जरा वाकड्या आल्या.

“मग कोणता बांधू?” बन्सीलालने दारातून विचारलं.

“हाऊच बांधी दे.”

नाना तिथून हलले मात्र नाहीत. रुमाल काढून ते गुडघ्यावर बसले आणि एका चाकावरून दुसऱ्यावर जात सकाळच्या आपल्या चौदाही रेघा त्यांनी पुसून काढल्या. मग खडू ऋतिकाच्या हातावर ठेवला.

“या चौदा मना हातना शेतस,” ते म्हणाले. “खूण तू कर.”