तीर्थातलं जस्त

कीर्तनाचा उत्तररंग ऐन भरात होता आणि कीर्तनाला उभ्या अण्णांच्या ओठांवर निळसर झाक चढत होती. पेटीवर बसलेली वैजयंती, त्यांची लेक, त्या ओठांवरच नजर ठेवून होती. खोऱ्यातल्या विषारी हवेत माणसं तगून होती ती रक्तात सोडलेल्या विकरामुळे. हे विकर विष फोडायचं, पण जस्ताचे थेंब पोटात गेले तरच. नाहीतर नुसतं पडून राहायचं. आणि निर्जळी एकादशी म्हणून अण्णांनी सकाळपासून थेंबांना हात लावला नव्हता.

"अण्णा, थेंब घ्या," ती कुजबुजली.

"उपासाला औषध? गप पेटी वाजव!" त्यांना धाप लागली होती.

वैजयंतीने विठ्ठलनामाचा गजर उचलला. मंडळी टाळ्यांत दंग झाली, तेवढ्यात तिने तीर्थाच्या भांड्यात थेंबांची अख्खी कुपी ओतली. निर्जळी उपासातही तीर्थाला अण्णा कधीच नाही म्हणत नसत.

गजर संपल्यावर तिने दिलेलं तीर्थ त्यांनी तळहातावर घेतलं, ओठ लावले आणि थबकले. "तुरट लागतंय गं." उरलेलं डोक्याला लावायला हात वर गेला.

तिने मनगट धरलं. "डोक्याला नको, अण्णा. आज सगळं पोटात."

अण्णांची नजर तिच्या भरल्या डोळ्यांवरून भांड्याशेजारच्या रिकाम्या कुपीवर गेली.

"लबाड कुठली," ते म्हणाले आणि तळहात चाटूनपुसून पुन्हा पुढे केला.