टॉवेलखालचं

गॅलरीतल्या दोरीवर केतकीच्या निकरा उघड्यावर वाळायच्या, डागाचं नाव नाही. हर्षदाच्या मात्र टॉवेलखाली दडवलेल्या. केतकी तिची धाकटी जाऊ. वयात येतानाच तिने कोरडेपणाची लस टोचून घेतली होती, हल्ली सगळ्याच मुली घ्यायच्या. अंगावरून पांढरं जाणं कायमचं बंद. हर्षदाच्या वेळी ही लस नव्हती, आणि मोठ्या वयात कुणी देत नसे. दोरीकडे बघितलं की तिचा नुसता जळफळाट व्हायचा.

एक दिवस केतकी खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, दवाखान्यात सोबत याल? खाज थांबत नाही. हिरवट जातंय आणि वास मारतोय."

डॉक्टरीणबाईंनी तपासून मान हलवली. "पांढऱ्यामुळे आतली जागा आपोआप स्वच्छ राहते. तेच बंद केलं, म्हणून सारखा संसर्ग होतोय. आता निरोगी बाईचं पांढरं घेऊन तुमच्यात रुजवावं लागेल." मग त्या हर्षदाकडे वळल्या. "तुमचं कसं असतं?"

"पातळ. कधी अंड्यातल्या पांढऱ्यासारखं ताणलं जातं. वास नाही, खाज नाही."

"अगदी हेच हवंय. तपासण्या नीट आल्या तर द्याल?"

केतकी तिच्याकडे टक लावून बघत होती. अशा नजरेने तिने आजवर कधी बघितलं नव्हतं.

हर्षदा देणारच होती. तरी म्हणाली, "विचार करून सांगते."

घरी आल्यावर तिने दोरीवरचा टॉवेल काढून घडी करून ठेवला.