दोन अंगठ्यांची वीट

डर्वेंट नदीकाठच्या जुन्या तुरुंगाच्या भिंतीत थियाला एकच खिडकी काढायची होती, बाकावर बसून नदी दिसेल एवढी. कैद्यांनी थापलेल्या त्या विटांवर त्यांची बोटं उमटलेली होती. वीट काढण्याआधी त्या ठशात आपलं बोट टेकवायचं, ही तिथल्या गवंड्यांची रीत.

"हिच्यावर दोन अंगठे आहेत. तूच टेकव," म्हातारा गवंडी कॉलम म्हणाला. "माझे मेले सांधे वाकत नाहीत."

"काल बियरचा ग्लास धरताना बरे वाकत होते!"

हसत हसत थियाने अंगठे टेकवले. नेमके बसले.

वीट कोमट होती. मग मऊ लागली. आत काहीतरी धडधडत होतं. तिने हात मागे ओढले, पण अंगठे दाबतच गेले.

मागे छिन्नी पडली. कॉलम गुडघ्यांवर आला होता. त्याच्या गळ्यात दोन खळगे खोल होत चालले होते.

"सोड... पोरी, सोड!"

"सुटत नाहीयेत हो!" ती किंचाळली.

विटेत काहीतरी कडकन मोडलं. धडधड थांबली.

शेजारच्या विटेवरही दोन ठसे होते. तिथे आता थिया एकटीच उरली होती, आणि तिचे अंगठे सावकाश त्या विटेकडे सरकू लागले.