परत येण्याचा पुरावा

साहेब, व्हिसाच्या काचेमागे बसून तुम्ही माणसाला आधी चोर ठरवता आणि मग त्याचे कागद बघता. गेल्या वर्षी आम्हाला एका वाक्यात कटवलंत: हे चौघे परत येतील असं वाटत नाही. आता नाताळच्या सुट्टीसाठी पुन्हा अर्ज करायचाय. माझ्या बहिणीकडे जायचंय, मुलांना बर्फ दाखवायला, बस.

भाईंदर पश्चिमेचा एजंट म्हणाला, "भाभी, एक बच्चा इधर छोडके जाओ. साहब को भरोसा होता है."

घरी येऊन मी आणि माझा नवरा पराग कडाकडा भांडलो. तो म्हणाला, "धाकटा तुझ्याशिवाय राहणार नाही. शर्वीला माझ्या आईकडे ठेवू."

"पोरगी आहे ती, सिलिंडरचं डिपॉझिट नाही!" मी ओरडले.

तरी रविवारी जेवताना मुलाखतीची तालीम सुरू झालीच. पराग तुमच्यासारखा साहेब झाला, डोळे वटारून म्हणाला, "तुम्ही परत येणार, याचा पुरावा काय?"

मी पाठ केलेलं बोलले, "आमची मुलगी इथेच आहे."

सात वर्षांच्या शर्वीने हातातला घास ताटात परत ठेवला.

"आई, साहेबांकडे पुरावा म्हणून मी. मग माझ्याकडे पुरावा म्हणून कोण?"

परागच्या डोळ्यांतला साहेब कुठच्या कुठे गेला.

साहेब, तुम्हाला द्यायचं उत्तर माझं तोंडपाठ आहे. तिला काय सांगू? बोला.