पद्माकरांची शेवटची चढण

केदारकंठाच्या बर्फातून पद्माकर पुढे आणि त्यांची बायको शरयू मागे, असे दोघं चढत होते. सत्तरी उलटलेल्या पद्माकरांचे पाय अंगावरचा यांत्रिक पोशाख उचलत होता. शिखर पन्नास पावलांवर असताना, मागून येणाऱ्या वाटाड्या नेगीच्या मनगटावरचा, पोशाखाच्या नोंदी दाखवणारा आणि थंडीनं बंद पडलेला पडदा पुन्हा उजळला. त्यानं तो दोनदा वाचला.

"ताई, साहेबांचं हृदय थांबून अर्धा तास झालाय."

पोशाख मात्र एका लयीत चालतच होता.

"थांबवू का?" नेगीनं हळूच विचारलं.

"नको. वर पोचू दे त्यांना."

शरयूनं झपझप पुढे जाऊन पद्माकरांचा हात धरला. शिखरावर पोशाख आपोआप थांबला. तिनं त्यांच्या चष्म्यावरचा बर्फ पुसला आणि मगच ती खाली बसली.