घराचं नाक

"अगं, दूध करपलं!"

आई अंगणातून ओरडतच आत आली. थोरली ओट्याला टेकून उभी, हातात पुस्तक, पातेल्याकडे पाठ. घरभर धूर.

"ओरडू नकोस तिला," मशीनवरची मान वर न करता बाबा म्हणाले. "आज मुलाखत आहे पोरीची. असं ध्यान लागायला पुण्य लागतं."

"पुण्य तिचं, आणि पातेलं घासायचं मी!"

बाबा शिंपी. प्रयोगशाळेतले पांढरे कोट शिवण्यात हयात गेली, पण सगळे दुसऱ्यांच्या पोरांचे. या वेळी मात्र कापड आणून ठेवलं होतं. नोकरी साबणाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत मदतनिसाची, अगदी खालच्या पायरीची. पण कोट होता ना! गल्लीत तर त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं.

"लागली नाही तर?" आईने विचारलं.

"तर मी गल्ली बदलेन."

कारखान्यात उमेदवारांचं बाकडं नेमकं गटाराजवळ. बाकीची पोरं रुमाल नाकाला लावून केव्हाच उन्हात जाऊन उभी राहिली. थोरली एकटीच बाकावर निवांत वाचत बसली. सोबत आलेले बाबा लांबून कौतुकाने बघत होते. 'नाकासमोर बघून चालणारी पोर माझी,' रुमालातूनच त्यांनी शेजारच्याला ऐकवलं.

तिच्या आधीचा मुलगा कॉलर ताठ करत बाहेर आला. "लिंबू, गुलाब, चंदन! एकदम सोप्पंय."

आत प्रमुख बाई बसल्या होत्या. चेहरा असा, की समोरच्याने खोकायचीही परवानगी मागावी. टेबलावर बुचं लावलेल्या तीन बाटल्या.

"एकेक उघड. वास घे. काय येतं ते चिठ्ठीवर लिही."

थोरलीने पहिली बाटली नाकाशी धरली. डोळे मिटले. मग दुसरी, तिसरी. परत पहिली. कपाळावर घाम आला. बाबांचं ते पांढरं कापड डोळ्यांसमोर आलं. गुलाब लिहावं का? कोण विचारतंय! पेन टेकवलं, उचललं, परत टेकवलं. शेवटी लिहिलं आणि चिठ्ठी पुढे सरकवली.

बाईंनी चष्मा नीट केला. "तिन्हींपुढे 'वास नाही'?"

"हो. बाई, मला एक सांगायचं होतं..."

"काही सांगू नकोस!" बाई उठल्या, आणि त्यांनी चक्क तिचा हात हातात घेतला. "सकाळपासून सगळ्यांनी मला गुलाब हुंगवले. अगं, तिन्हींत नळाचं पाणी आहे! नाही ते नाही म्हणणारं माणूस मला हवं होतं. उद्यापासून ये. इथला प्रत्येक नवा साबण आधी तुझ्या नाकाखालून जाईल."

"पण बाई..."

"पगार वाढवून मागशील तर आजच नको म्हणेन!" बाई हसल्या, आणि उरलेल्या उमेदवारांना घरी पाठवायला बाहेर गेल्या.

संध्याकाळी घरात माणूस मावेना. बाबांनी नळाच्या पाण्याची गोष्ट प्रत्येकाला पहिल्यापासून सांगितली. दर वेळी एक उमेदवार वाढत होता आणि बाईंचा आवाज चढत होता. खांद्यावर टेप, समोर कापलेलं पांढरं कापड, छाती पुढे. "आजपासून ही आमच्या घराचं नाक!"

"आता नाकावर माशी बसू देऊ नका," शेजारीण म्हणाली, आणि सगळे खो खो हसले.

तेवढ्यात आतून धूर आला. बाबा टेपसकट स्वयंपाकघरात धावले. दूध पुन्हा करपून कोळसा झालेलं, आणि थोरली त्याच्या शेजारीच पाठमोरी उभी.

"अगं, आता तर हातात पुस्तकही नाही!"

तिने घाईघाईने गॅस बंद केला. बाहेर अजून हशा चालू होता.

"बाबा, गेल्या वर्षीच्या त्या तापापासून मला कसलाच वास येत नाही. बाईंना तेच तर सांगत होते."